डोमाजींचा चालता टीव्ही

भातकुलीचे डोमाजी तायडे बाहत्तर वर्षांचे झाले, पण चालताना न पाहिलेली वस्तू त्यांनी कधी विकत घेतली नाही. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात पारखी म्हणून काढली. कुणाला जोडी घ्यायची असली की आधी डोमाजींना बोलावणं जायचं. ते यायचे, बैलाचे दात बघायचे, खूर उचलायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि शेवटी मालकाला म्हणायचे, "चालवून दाखव." बांधलेला बैल देखणाच दिसतो, त्याची खोड कळते ती चालताना, एवढंच त्यांचं शास्त्र. या शास्त्राच्या जोरावर त्यांनी दोन लेकरं शिकवली आणि स्वतःविषयी एक फार चांगलं मत तयार करून ठेवलं. त्यांच्या बायकोचा, इंदूबाईंचा, त्या मताला पाठिंबा नव्हता, पण पन्नास वर्षांत तो कुणी मागितलाही नव्हता.

पुढे गावात ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला दात नसतात, त्यामुळे डोमाजी घरी बसले, आणि रिकामा पारखी घरात बसला की घरच्यांचे हाल कुत्रा खात नाही. वांगी, गॅसचं सिलिंडर, सुनेचं माहेर, काहीही त्यांच्या तपासणीतून सुटेना. मुलगा अनुप नागपूरला नोकरीला होता, तो तिकडेच राहिला. त्याला दोष देता येणार नाही.

खरी ठिणगी पडली ती धाकट्या प्रियदर्शनीवरून. ती कृषी खात्यात लागली आणि तिला नेमणूक मिळाली धारणीला. डोमाजींनी धारणी कधी पाहिली नव्हती, म्हणून त्यांचं धारणीविषयी पक्कं मत होतं. जंगल, खराब रस्ते, एकटी पोरगी. ते म्हणाले, अमरावतीत माझी ओळख आहे, बदली करून घेतो. ती म्हणाली, "बाबा, तुमी कोनाले काई सांगू नका. मले तिथंच जायचं आहे." शब्दाला शब्द लागला. शेवटी डोमाजी म्हणाले, "मंग मले फोन करू नको." पोरगी बापावर गेलेली. तिने चौदा महिने केला नाही.

म्हणजे फोन रोज यायचा, पण इंदूबाईंना. त्या बोलायला लागल्या की डोमाजी दोन हातांवर येऊन बसायचे आणि तळपाय खाजवत राहायचे. चौदा महिन्यांत त्या पायाची सालं निघायची वेळ आली, पण त्यांनी एकदाही फोनकडे हात केला नाही.

अशात एका रविवारी फोन ठेवून इंदूबाई म्हणाल्या, "प्रियू टीव्हीवर येनार हाय. गुरवारी, संध्याकाळी साडेसहाले. शेतीच्या कार्यक्रमात. शूटिंग मांगच्या हप्त्यातच झालं."

"मले काय करायचं," डोमाजी म्हणाले.

बुधवारी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर दुपट्टा टाकून दारात उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं की घरचा टीव्ही बिघडला आहे. टीव्ही बिघडून चार वर्षं झाली होती. त्यात सगळी माणसं हिरवी दिसायची, आणि डोमाजी त्याच हिरव्या माणसांकडून मुकाट बातम्या ऐकत आले होते. इंदूबाईंना सगळं कळलं. त्यांनी चपला घातल्या.

अमरावतीच्या दुकानात एका भिंतीवर चाळीस टीव्ही लावलेले होते आणि चाळीसही टीव्हींवर एकच पोपट उडत होता. शेखर नावाचा टाय लावलेला तरुण सामोरा आला. "काका, हा क्यूलेड, फोर-के. हा ओलेड नाही, पण ओलेडच समजा. याच्यात एचडीआर आहे, एकशे वीस हर्ट्‌झ आहे, दोन जीबी रॅम आहे."

"शेतीचा कार्यक्रम लागते का?"

"सगळं लागते काका."

"बटन कुठं हाय?"

"बटन नाही. याच्याशी बोलायचं. तुम्ही सांगा, तो लावतो."

"मी घरच्या मान्सायशी बोलत नाही, याच्याशी काहून बोलू?"

इंदूबाईंनी मुद्दाम पोपटाकडे पाहिलं. शेखर पुढे सांगत राहिला. आधी वायफाय जोडायचं, मग खातं उघडायचं, त्यात ईमेल, जन्मतारीख आणि पासवर्ड, पासवर्डात एक आकडा आणि एक चिन्ह. डोमाजींचं डोकं भणभणलं. एक साधी वस्तू घ्यायला आलो, तर हा पोरगा आपलीच झडती घेऊन राहिला.

"अबे, इतक्या चौकशीत आमचं लगन जमलं नसतं."

"बरं झालं असतं," इंदूबाई म्हणाल्या.

मग डोमाजींनी त्यांच्या पद्धतीने काम हाती घेतलं. ते भिंतीच्या कडेने टीव्हीच्या मागे डोकावले, पाठीवरून हात फिरवला, चार बोटांनी टकटक केलं. पंधरा मिनिटं समोर उभं राहून तो कुठे अडखळतो का ते पाहिलं. एक टीव्ही त्यांच्या मनात भरला. तेव्हा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, शेखरच्या उजव्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं घट्ट धरली. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. शेखरला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भरदुकानात एक म्हातारा आपला हात कापडाखाली धरून एकामागून एक बोट दाबतो आहे आणि टक लावून डोळ्यांत बघतो आहे, हे पाहून त्याला घाम फुटला. काही न समजता तो सात टक्के उतरला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग आतून बंद खोकं आलं.

"हा कोन्ता?" डोमाजींनी विचारलं.

"तोच काका. नवा पीस, सीलपॅक."

"मी तो भितीवरचा चालताना पाह्यला. हा नाही पाह्यला."

"अहो काका, तो नुसता दाखवायला ठेवलेला पीस आहे. सहा महिने झाले, सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच असतो."

"सहा महिने चालून राह्यला अन् लंगडला नाही. मंग मले तोच दे."

शेखरने हात जोडले, मालकाला बोलावलं. मालक तर खूशच झाला. दाखवायचा माल असा मागून कोण नेतो? त्याने आणखी थोडे कमी केले. परवा कंपनीचा माणूस घरी येऊन लावून देईल, असं तो म्हणाला. डोमाजींना परवा चालणार नव्हतं. "आमचा देवीदास लावते," ते म्हणाले. देवीदास गावात केबलचं काम करायचा आणि कोणत्याही भिंतीला भोक पाडायला एका पायावर तयार असायचा.

गुरुवारी दुपारी देवीदासने टीव्ही लावला, वायर जोडली आणि चहा पिऊन गेला. बातम्या लागल्या. माणसं माणसांच्या रंगाची दिसली. डोमाजी खाटेवर मांडी घालून बसले आणि त्यांनी इंदूबाईंकडे असं पाहिलं, जणू तो टीव्ही त्यांनी स्वतः विणला होता.

मग वीज जपायची म्हणून बंद केलेला टीव्ही त्यांनी सहाला पुन्हा लावला. सहा वाजून दहा मिनिटांनी बातम्या गेल्या आणि पोपट आला. आवाज एकदम एवढा वाढला की बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. खाली पट्टी फिरत होती, तीत टीव्ही आपलेच गुण सांगत होता. डोमाजींनी रिमोट दाबला, बातम्या परत आल्या. पाच मिनिटांनी पुन्हा पोपट. हा टीव्ही घरात येऊनही स्वतःला विकतच होता.

साडेसहा झाले. निवेदिका हात जोडून म्हणाली, आज आपल्यासोबत आहेत धारणीच्या कृषी सहायक प्रियदर्शनी तायडे, आणि प्रियदर्शनी नमस्कार करणार तेवढ्यात पोपटाने पंख पसरले. डोमाजींनी रिमोटवरची दिसतील ती बटणं दाबली. पोपट गेला, मासे आले.

इंदूबाई उठल्या. "मी कौशल्याच्या घरी चालली पाहाले. तुमी पाहा मिठू."

आणि त्या खरंच गेल्या. शेजारीच जायचं होतं. डोमाजींनाही जाता आलं असतं, पण नव्या टीव्हीचं कौतुक त्यांनी दुपारीच कौशल्याच्या घरी जाऊन करून ठेवलं होतं.

त्यांनी देवीदासला फोन लावला, तो बंद. अनुपला लावला, तो उचलेना. दुकानाला लावला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली की आपण रांगेत आहात. पडद्यावर मासे पोहत होते आणि तिकडे कुठेतरी त्यांची पोरगी बोलत होती, आणि ती काय बोलते ते साऱ्या महाराष्ट्राला ऐकू येत होतं, फक्त तिच्या बापाला नाही. चौदा महिने कशाला घालवले, असं त्यांना पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावंसं वाटलं. त्यांनी फोनमधलं 'प्रियू' हे नाव दाबलं.

एकाच घंटीत उचलला. "बाबा? आई बरी आहे ना?"

"आई बरी हाय. टीव्ही बिघडला."

"काय होऊन राह्यलं?"

"मिठू येते. आता मासे हाय."

"दुकानात भितीवर लावलेला आनला का तुमी?"

"चालताना पाहून आनला."

"मले वाटलंच," प्रियदर्शनी म्हणाली. बापाला ती चांगली ओळखून होती. "बाबा, तो अजून दुकानातच आहे असं समजून राह्यला. त्याले सांगा लागते. रिमोटवर चाकासारखं चित्र आहे, ते दाबा. आता खाली चला. अजून खाली. दोन नावं दिसतात? वरचं दुकान, खालचं घर. खालचं घ्या."

डोमाजींनी खालचं घेतलं. पडदा काळा झाला. मेला, असं त्यांना वाटलं. मग तो उजळला आणि समोर प्रियदर्शनी उभी होती, एका उताराच्या वावरात, डोक्याला ओढणी गुंडाळून. वाळली होती. रंग काळवंडला होता. आजूबाजूला गावातल्या बाया बसल्या होत्या आणि ती हातात माती घेऊन त्यांना काही समजावत होती. मध्येच एका म्हातारीने तिला थांबवून काही विचारलं, तर ती तिच्याजवळ खाली बसली आणि तिने म्हातारीचं पूर्ण ऐकून घेतलं. ही आपली पोरगी तिथं कुणाची तरी झाली आहे, हे डोमाजींना तिच्या बसण्यावरून कळलं. त्यांना अभिमान वाटला आणि त्याच वेळी स्वतःची लाज वाटली.

"बाबा, आलं का? हॅलो? नसन आलं तर एकदा बंद करून..."

"चूप राय ना वो जरा," डोमाजी फोनमध्ये म्हणाले. "माही पोरगी बोलून राह्यली."

फोन चूप झाला. डोमाजींनी तो कानावरून काढला नाही. पडद्यावर प्रियदर्शनी बियाणं दाखवत होती, बाया हसत होत्या, आणि त्यांना पुढचं नीट दिसेना म्हणून त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. कार्यक्रम संपला, बातम्या लागल्या.

"बाबा," फोनमधून हळूच आवाज आला, "मी आहो अजून."

"राय मंग," डोमाजी म्हणाले.