बड्डेच्या प्लेटा

पुण्याच्या कुटुंबासमोर स्टीलची ताटं आली. आमच्या तिघांसमोर कागदी प्लेटा.

समुद्राकाठचं घरगुती हॉटेल. पडवीत सगळ्या पाहुण्यांसाठी एकच लांब टेबल. नाश्त्याला घावनं होती. आमच्या प्लेटांवर लाल-पिवळे फुगे छापलेले. माझी लहानगी लेक हरखली.

"मम्मी, आज माझा बड्डे हाय?"

खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. दाताच्या इंजेक्शननं गाल जड होतो, तसं सगळं अंग झालं होतं.

आदल्या दुपारी याच टेबलावर आम्हाला स्टीलची ताटं होती. मालकीणबाईंनी आग्रह करकरून सोलकढी वाढली होती. मी आणि नवरा दोघं वाळूजला कंपनीत. आमच्याकडं समुद्र म्हणजे जायकवाडीचं धरण. लेकीला खरा दाखवायचा म्हणून दोघांनी रजा साठवल्या. आल्या आल्या बाईंनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून त्यांना काही पत्ता लागेना. मग हसत म्हणाल्या, "म्हणजे कोणत्यातले तुम्ही?"

"गंगापूरकडचे," नवरा म्हणाला. त्याला खरंच गाव विचारल्यासारखं वाटलं, की त्यानं वेड पांघरलं, मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी पडवीत बसलेली असताना माझ्या आईचा फोन आला. आमच्यात फोन उचलून हॅलो म्हणत नाहीत. मी रोजच्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "जय भीम, आई." बाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग परत निवडायला लागला. बोलणं गोडच राहिलं. सकाळी फक्त ताटं बदलली.

मी विचारलं, आम्हालाच कागदी का? पाण्याची टंचाई आहे, घासायला बाई येत नाही, असं त्या म्हणाल्या. पुणेकरांच्या ताटांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. नवऱ्यानं टेबलाखालून माझा हात दाबला. "जाऊ दे. उद्या निघायचंच हाय."

लेकीनं विचारलं, केक कधी कापायचा.

तेव्हा मी उठले. सरळ स्वयंपाकघरात गेले. मागून बाईंचा आवाज आला, "अहो, आत नका जाऊ." मी मांडणीवरून तीन ताटं काढली, बाहेर आणली आणि घावनं त्यांत घेतली. ताट साफ केलं. लेकीला सांगितलं, आज बड्डे नाही. का ते पण सांगितलं, तिला कळेल तेवढं. ती फुग्यांवरून बोट फिरवत राहिली.

आम्ही उठलो तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, "ती ताटं तेवढी तुम्हीच विसळून ठेवा."

"नाय," मी म्हणाले. "त्यांची जो घासंल, तोच आमची घासंल."

उष्टी ताटं टेबलावरच ठेवली आणि एक दिवस आधीच सामान भरलं. तो समुद्र कसा होता ते मला विचारू नका. आठवत नाही.

पुढच्या वर्षी परत जाणार आहे. त्याच घरी, लेकीला घेऊन. खोलीसाठी फोन मी करणार. बाई हॅलो म्हणतील. मी जय भीम म्हणणार, आणि मगच विचारणार, खोली आहे का.