बैल पाण्यावर, गाडी रस्त्यात

मंडळी, वीस पावलांचा रस्ता आज एका माळणीला टोपलीभर मेथीला पडला. वाचनालयाच्या या फळ्यावर मुद्दाम लिहितो, कारण मागच्या बैठकीत मीच इथं गरजलो होतो, "बाजाराच्या दिवशी गाड्या रस्त्यात नको, तळ्याकाठी सोडा. माझ्या दुकानापुढे पाहा, एक गाडी दिसणार नाही!"

दुपारी गादीवर बसलो होतो, तोच बाहेर कालवा उठला. सरकीनं भरलेली गाडी समोरच्या दुकानापुढे भर रस्त्यात सोडलेली आणि गाडीवान बैलांना पाणी पाजायला तळ्यावर गेलेला. बैलांशिवाय गाडी हलेना. बाजार वीस पावलांवर, पण मागे माळणीची भाजीची गाडी उन्हात अडकली.

"कोनाची व्हय हे गाडी?" ती ओरडली.

"थांब ना माय, बैल पानी पिऊन येतीन," पानवाला म्हणाला.

"बैलाले पानी भेटते, मंग माह्या मेथीनं काय घोडं मारलं?"

सगळे हसले. मीही हसलो.

बैल आले तोवर मेथीनं माना टाकल्या होत्या. माळणीनं ती टोपली त्याच बैलांपुढे ओतली. "घ्या, आता तुमीच खा!"

मोडक्या शिंगाचा बैल ओळखला आणि माझं हसू थांबलं. ठराव करताना आपण सगळे दुसऱ्याचीच गाडी डोळ्यांपुढे ठेवतो का हो?

माझ्या दुकानापुढे गाडी नसते, हे खरं आहे. माझी गाडी दर बाजारी समोरच्या दुकानापुढे सुटते.