गाडीचा आहेर

आमच्या घरी गाडीला आहेर करतात. कापडाचा नाही, स्क्रूनं आवळायचा. ही रीत कोणत्या पोथीत नाही, माझ्या मामांनी पाडली आहे. मला शाळेत जायला सायकल आली तेव्हा बाकीच्यांनी कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मामांनी खिशातून घंटी काढून हँडलला बसवली. ‘‘गाडीले टॉवेल-टोपी कायच्या कामाची? तिले असं द्या, का तिच्यासंगं फिरलं पाह्यजे,’’ म्हणाले.

तेव्हापासून आमच्यात कोणाची मोटरसायकल येवो की मोपेड, जवळचा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो आणि आपल्या हातानं बसवतो. कोणी आरसा, कोणी सीट कव्हर. वस्तू बसल्याशिवाय आहेर झाला असं धरत नाहीत. आणि एकदा बसलेली वस्तू परत? तसं कधी झालंच नव्हतं. लुगडं परत केलं तर माणसं जितकी दुखावतील तितकीच इथंही दुखावतील, हे सांगायची गरज कोणाला पडली नव्हती.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावानं ट्रक घेतला. लहानच, पण कोरा करकरीत. आंजीला आमची भाजीची शेती आहे. आपली आणि शेजाऱ्यांची वांगी, कोबी, पालक सकाळी सावंगीला विद्यार्थ्यांच्या मेसवर पोचवायचं काम त्यानं मिळवलं होतं, ते या ट्रकच्या भरवशावर. मी सेलूला असते, शिवणकामाचं दुकान चालवते. त्या दिवशी दुकान बंद ठेवून गेले. मी ड्रायव्हरसमोर लावायचा छोटा पंखा नेला होता. आमच्या यांनी बंपरवर लावायचे धुक्याचे दोन दिवे घेतले होते. मामांनी पिशवीतून हॉर्न काढला.

त्या हॉर्नचं सांगायला हवं. मामा जन्मभर ड्रायव्हर होते, पण गाडी नेहमी दुसऱ्याची. शेवटची कित्येक वर्षं वर्ध्याच्या एका व्यापाऱ्याचा मिनी ट्रक त्यांच्या हाती होता. वडील गेल्यावर आमचं घर त्याच पगारावर उभं राहिलं. लहानपणी आम्ही कधी त्यांच्या शेजारी बसून जायचो, तेव्हा प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक गोदामाच्या फाटकावर शिपाई विचारायचा, ‘‘गाडी कोणाची?’’ आणि मामा शेठजींचं नाव सांगायचे. मला फार वाटायचं, एकदा तरी ‘माझी’ म्हणावं. तो ट्रक भंगारात निघाला तेव्हा मामांनी त्यातला हॉर्न मागून घेतला होता. इतकी वर्षं फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो हॉर्न त्यांनी भाच्याच्या गाडीला बसवला. तो जुना ट्रक गेल्यावर डोळ्यांनी साथ सोडली म्हणून त्यांचं गाडी चालवणं थांबलं होतं, पण त्या दिवशी बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी जी वायर ओढली ती न चाचपडता. वाजवून पाहिला. मोहल्ल्यातली कुत्री उठली. मामा इतके हसले, इतके हसले की मलाही बरं वाटलं.

काही महिने बरे गेले. मग एका सकाळी सावंगीच्या अलीकडे ट्रक कुथायला लागला. समोर पिवळा दिवा पेटला, गाडी पुढे सरकेना. भाजी ऑटोत टाकून कशीबशी पोचवली. मेसचा माणूस म्हणाला, ‘‘सोमवारपर्यंत धकवून घेतो. पुढं गाडी नसेल तर दुसरा पाहतो.’’ गाडी वॉरंटीत होती म्हणून भावाला फार काळजी नव्हती. पण वाटेत एका चहाच्या टपरीवर चारचौघांनी त्याला न मागता सल्ले दिले. एक म्हणाला, बाहेरचं काही दिसलं का कंपनी हात वर करते. दुसरा म्हणाला, माझ्या साडूचं असंच झालं. तिसऱ्याला तर साडूही नव्हता, तरी तो म्हणाला, वॉरंटी गेलीच समज.

भाऊ घाबरला. पंपापासून इंजिनपर्यंत काहीही खिशातून घालायची वेळ आली तर मेसचं काम हातचं जाणार, हे त्याला कळत होतं. त्यानं गाडी ओढून अंगणात आणली आणि दुपारभर बसून सगळा आहेर उतरवला. दिवे, पंखा, हॉर्न. तुटक्या वायरींना काळी टेप गुंडाळली. सगळं एका पोत्यात भरलं आणि ते पोतं कांद्यांच्या पोत्यांशेजारी ठेवलं.

मामा संध्याकाळी सहज आले आणि कांदे पाहायला वाकले.

मी तेव्हा तिथं होते, फोन येताच सेलूहून आले होते. मामांनी हॉर्न हातात घेतला, उलटा केला, लोंबणारी वायर पाहिली.

‘‘आहेर परत करून राह्यला का, बापू?’’

‘‘मामाजी, तसं नाई. कंपनीवाले पाह्यतीन तं...’’

‘‘बरं,’’ मामा म्हणाले. हॉर्न काखेत घेतला आणि चालू लागले. चहाही घेतला नाही. भाऊ अंगणात तसाच उभा राहिला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या सर्व्हिस सेंटरला मीही गेले. माझं तिथं काही काम नव्हतं. पण मला नाक खुपसायची सवय आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय जेवण गोड लागत नाही, आणि इथं तर मला खरंच उत्सुकता होती: एक पंखा लावला म्हणून अख्खी गाडी कंपनीला परकी होते, हे कसं?

गाडी तपासायला एक इंजिनिअर मुलगी आली. माझ्याहून बरीच लहान, केस घट्ट बांधलेले, हातात टॉर्च. तिनं बंपरवर उजेड टाकला.

‘‘दादा, इथं काय होतं?’’

‘‘काई नाई.’’

‘‘मग ही भोकं कंपनीनं पाडली का?’’

मी हसू दाबलं. तिनं बॉनेट उघडलं आणि ताज्या काळ्या टेपच्या गाठी मोजल्यासारख्या एकेक दाबून पाहिल्या. मग म्हणाली, ‘‘पंप गेलाय, डिझेलचा. तो आपोआप गेला असेल तर कंपनी देईल. पण इथं कोणीतरी वायरी कापल्यात, कुठून काय ओढलं होतं ते आता दिसत नाही. उद्या वरून विचारतील, या छेडछाडीनं पंप जळला का, तर मी काय सांगू? मला ‘माहीत नाही’ लिहावं लागेल. तसं लिहिलं की क्लेम परत येतो.’’

‘‘म्हणून तं काढलं ना सगळं,’’ भाऊ कळवळून म्हणाला.

‘‘काढलं म्हणूनच अडलंय, दादा.’’

आता मला राहवेना. विचारलं, ‘‘म्हणजे बाहेरचं काही लावलं की वॉरंटी जाते, हे खरं नाही?’’

‘‘सगळी नाही जात, ताई. तुम्ही जे लावलं त्यानं जे बिघडलं, तेवढं जातं. पण कशानं काय बिघडलं हे मला दिसायला तर पाहिजे.’’

‘‘मी पंखा लावला होता. त्यानं चाकाची जाते?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि यांच्या दिव्यांनी गिअरची?’’

‘‘नाही. बॅटरीचं काही झालं तर विचार करावा लागेल.’’

‘‘थांब. माझ्या पायाच्या मशीनला मी मोटर बसवली, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आता पट्टा तुटला तर तुझा, पण सुईचा दांडा वाकला तर माझाच. असंच ना?’’

ती हसली. ‘‘अगदी असंच. तुमचा दुकानदार चांगला होता.’’

मला इतकं समाधान झालं की क्षणभर मी सोमवार विसरले. भाऊ विसरला नव्हता. त्यानं विचारलं, ‘‘सगळं सामान परत आणलं, जसं होतं तसं लावून दाखवलं, तं?’’

‘‘तर मला दिसेल. फोटो काढून पाठवीन. पण ज्यानं लावलं त्यानंच लावायला हवं, जिथून वायर घेतली तिथूनच. अंदाजानं नको.’’

भावानं माझ्याकडे पाहिलं. पंखा माझा, दिवे आमच्या यांचे, ते सोपं होतं. हॉर्नसाठी मामांकडे कोण जाणार? तो गेला नसता, त्याची हिंमतच नव्हती. मी गेले.

मामा ओसरीवर बसले होते. हॉर्न शेजारी बाजेवर, पुसून लखलखीत केलेला. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, ‘‘आता काऊन लावाचा? काढून टाकला ना चांगला?’’

‘‘मामाजी, तुम्ही लावून नाही दाखवला तर पंप मिळत नाही. पंप नाही तर सोमवारी मेस जाते त्याची.’’

‘‘आन् माह्या हॉर्ननंच पंप जाळला असन तं?’’

हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. मामांचा राग आहेर परत केल्याचा आहे एवढंच मी धरून चालले होते. ते रात्रभर दुसऱ्याच भीतीनं बसले होते. मी खरं तेच सांगितलं, ‘‘मले माहीत नाही, मामाजी. तेच तं पाह्याचं आहे.’’

त्यांनी हॉर्न उचलून फडक्यात गुंडाळला. मग म्हणाले, ‘‘चाय घेजो. सकाळी येतो.’’

सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू कोणाची सोयरीक जुळवायला निघालेत. सर्व्हिस सेंटरच्या आवारात आमचा सगळा संसार मांडला गेला. आमच्या यांनी दिवे लावले, त्यांची वायर थेट बॅटरीपासून आली होती. माझा पंखा सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसायचा, त्यासाठी कुठली वायर ओढावीच लागली नव्हती. इंजिनिअर फोटो काढत होती. मग मामा बॉनेटमध्ये वाकले. चष्मा पुसला, हात आत घातला आणि इंजिनच्या बाजूनं जाणारा वायरींचा जाड गठ्ठा धरला.

‘‘इथून घेतली होती,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या टायमाले असंच घेत होतो.’’

तिनं टेप सोडवली. आतली दोन-तीन वेष्टणं वितळून एकमेकांना चिकटली होती. तिनं टॉर्च खाली, पंपाकडे नेला आणि तिथली वायर वरपर्यंत बोटानं मागोवा घेत आणली. ती दुसऱ्याच बाजूनं जात होती, स्वच्छ, न तापलेली. आम्ही सगळे तिच्या बोटाकडे पाहत होतो.

‘‘पंपाचा याच्याशी संबंध नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पंप कंपनीचा. शनिवारी बसेल. पण हा गठ्ठा हॉर्ननं तापलाय. आज ना उद्या यानंही गाडी थांबली असती. नव्या गाडीत यातून कॉम्प्युटरच्या वायरी जातात, इथून हॉर्नला करंट घ्यायचा नसतो. हे वायरिंग वॉरंटीत नाही बसणार.’’

मामा सरळ उभे राहिले. चेहरा उतरला होता. भावानं मात्र मोठा श्वास सोडला, त्याला ‘पंप कंपनीचा’ एवढंच ऐकू आलं होतं.

तिनं टॅबवर भरायला घेतलं. ‘‘शेवटचं एक. हॉर्न कोणी बसवला? मालकानं की बाहेरच्या मेकॅनिकनं? मेकॅनिकनं बसवला असेल तर वायरिंगचं नुकसान तुम्हाला त्याच्याकडून मागता येईल.’’

मामा पुढे झाले. ‘‘बाहेरच्यानं लिहा, मॅडम. मी ड्रायव्हर माणूस. गाडी ह्याची आहे, ह्याचा काई दोष नाई. जे काई होईन ते माह्याकून घ्या.’’

‘‘नाई मॅडम,’’ भाऊ म्हणाला. ‘‘मालकानं बसवला.’’

‘‘म्हणजे तुम्ही?’’

‘‘हे,’’ तो म्हणाला आणि मामांकडे हात केला.

ती गोंधळली. गाडीचे कागद तिच्यासमोर होते, त्यात नाव भावाचं होतं. ‘‘कागदावर तर...’’

‘‘कागदावर एकच नाव मावते,’’ भाऊ म्हणाला. ‘‘तुम्ही मालकानंच लिहा.’’

तिनं लिहिलं. मला भरून आलं. या माझ्या भावाला कालपर्यंत मी घाबरट म्हणत होते. मामा ‘‘येडा आहे हा,’’ म्हणत मागच्या चाकाशी जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसत राहिले, पुसलेलाच पुन्हा पुसत राहिले. मग परत आले आणि त्या मुलीला विचारलं, ‘‘बाई, आता मले सांगजो, लाइन घ्यावी कुठून?’’ तिनं दाखवलं. वेगळा फ्यूज, वेगळी वायर. मामा शाळेतल्या पोरासारखे मान डोलवत ऐकत होते.

शनिवारी गाडी मिळाली. पंप कंपनीनं दिला, वायरिंग आम्ही केलं. हॉर्न जागेवर होता. भावानं किल्ली मामांच्या हातात दिली. ‘‘फाटकापर्यंत तुम्ही घ्या,’’ म्हणाला, ‘‘पुढं मी.’’ मामा नाही नाही म्हणत चढले, सीट मागं सरकवली, आरसा नीट केला. मी शेजारी बसले, लहानपणी बसायची तशी.

फाटकावर शिपायानं हात केला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची तो नोंद घेत होता.

‘‘गाडी कोणाची?’’

मामांचे ओठ हलले. सवयीनं शेठजींचंच नाव येतंय की काय, असं मला वाटलं. ते थांबले. मग स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाले, ‘‘आमची.’’