दोघांनी उचलायची पेटी

पिराजी कांबळे मला पहिल्यांदा दिसला तो अंडी फोडताना. गोदामाच्या ओट्यावर उभा राहून त्यानं एक अंडं खालच्या पोत्यावर सोडलं. ते फुटलं. त्यानं वाकून तडा नीट पाहिला आणि दुसरं अंडं हातात घेतलं. मी धावत गेलो आणि विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

"कुठनं फुटतंय बघतोय," तो म्हणाला, आणि दुसरंही सोडलं.

साल एकोणीसशे एकाहत्तर. कोल्हापूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी विलायती पांढऱ्या कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. त्यांची अंडी गोळा करून बाहेरगावी पाठवायला एक सोसायटी निघाली होती. मी, नृसिंह हुपरीकर, तिथला क्लार्क. आमच्या घरात अंडं शिवत नाहीत, त्यामुळे आईनं शेजारीपाजारी मुलगा दुधाच्या सोसायटीत लागला असं सांगून टाकलं होतं. पिराजी पॅकर होता, वय पंचेचाळीसच्या पुढं. आधी बारा वर्षं त्यानं शाहूपुरीत गुळाच्या पेठेत हमाली केली होती आणि कंबर गेल्यावर तो इकडं आला होता. पुढे चौऱ्याऐंशीत कागदाच्या लगद्याचे तयार ट्रे आले आणि त्यानं बनवलेल्या अंड्यांच्या पेटीचं काम संपलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. ट्रे हातात घेऊन, दाबून पाहून तो म्हणाला, "ब्येस केलंय." दुसऱ्याच्या चांगल्या कामाला चांगलं म्हणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. मी स्वतः त्यातला नाही.

आमची अंडी तेव्हा एसटीच्या टपावरून पणजीला जात. बांबूच्या बुट्टीत भाताची पिंजर घालायची, त्यात अंडी, वर परत पिंजर. गावठी अंड्याचं कवच जाड, ते हा प्रवास सोसायचं. विलायती अंडं दिसायला देखणं आणि सोसायला नाजूक. शंभरातली वीस-बावीस फुटायची. पणजीच्या व्यापाऱ्यानं एकदा लिहिलं, "पुढील खेपेस ऑम्लेटच पाठविणे असल्यास मीठ-मिरची तिकडूनच घालावी." आमचे चेअरमन अण्णासो हे पत्र वाचून असे तापले की त्यांनी ते तीन वेळा मोठ्यानं वाचायला लावलं.

पेटी करतो असं पिराजी आपणहून म्हणाला होता. म्हणून ती फोडाफोड. फुटकी अंडी त्याला घरी न्यायची मुभा होती, त्यामुळे त्याच्या गल्लीत लोक म्हणत की पिराजीनं बरा धंदा काढलाय, फोडायचं आणि खायचं. त्याची बायको तानाबाई एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाली, "सायेब, आमच्या मालकास्नी सांगा, आता न फुटणारी पेटी लवकर करा म्हणावं. अंड्याची पोळी बघितली की घरातली सगळी पळून जात्यात."

महिन्याभरात त्याला दोन गोष्टी कळल्या. अंडं निमुळतं टोक खाली करून उभं ठेवलं की जास्त टिकतं आणि एका अंड्यानं दुसऱ्याला शिवता कामा नये. त्यासाठी तो इचलकरंजीला गेला. तिथं मागवाले सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन वापरून झाले की फेकून देतात. ते त्यानं पोतंभर आणले, करवतीच्या पात्यानं दोन-दोन बोटं रुंदीच्या चकत्या कापल्या आणि खळीनं पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवल्या. एका चकतीत एक अंडं. असे थर लाकडी पेटीत एकावर एक, तीनशे अंडी. ओट्यावरून पेटी ढकलली तरी आत चार-पाचच फुटायची. अण्णासो खूश झाले. पहिल्या पेटीपुढं नारळ वाढवायला त्यांनी पिराजीलाच पुढं बोलावलं. पिराजी जागचा हलला नाही. "तुमीच वाढवा अण्णासो," म्हणाला. त्यानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव गेले, अंगारे-धुपारे गेले, नारळही गेला. आम्हा ऑफिसवाल्यांना त्याच्या दीक्षेचं एवढंच समजलं होतं की हा माणूस नारळाच्या वेळी मागं उभा राहतो.

पेटी पणजीला गेली आणि शंभरातली अठरा फुटली.

पिराजीनं काही सबबी सांगितल्या नाहीत. पुढच्या खेपेला तो स्वतः गाडीत बसून गेला आणि परत येऊन मला म्हणाला, "आतलं बरोबर हाय, क्लार्कसाहेब. भायेरचं चुकलंय. वाटंत येका स्टँडावर पेटी खाली ठेवली, तर एक चांगलं थोराड पावणं तिच्यावर बसून च्या प्यालं."

"मग उठवलं नाही?"

"उठवून काय करू? रोज कोन उठवनार हाय? किती येळ बसतंय ते बघितलं."

तो नवी पेटी मनात जुळवत होता, तेवढ्यात गावाकडं त्याचा भाऊ आजारी पडला आणि तो पंधरा दिवस रजेवर गेला. त्या पंधरा दिवसांत माझी अक्कल चालली.

झालं असं. अंबाबाईचं दर्शन घेऊन निघालेल्या एका बाईची कुंकवाची पुडी स्टँडवर आमच्या पेटीवर फुटली. त्या खेपेला पणजीहून चिठ्ठी आली, तीनशेत दोन फुटकी. आम्हाला वाटलं व्यापारी चेष्टा करतोय. मी स्टँडवर जाऊन कृष्णात हमालाला विचारलं. तो कानाला हात लावून म्हणाला, "अंडी आनि वर कुंकू! कुनाचा उतारा हाय कुनाला ठावं? हळूच उचलली आनि हळूच ठेवली बघा." चौकात उतरून टाकलेलं अंडं आणि कुंकू दिसलं की आमच्या मुलखात भला माणूसही वाट वाकडी करून जातो. अशा पेटीवर बसणार कोण आणि ती फेकणार कोण? मी हे अण्णासोंना सांगितलं. त्यांनी टेबलावर थाप मारली आणि त्या दिवसापासून प्रत्येक पेटीवर कुंकवाचं बोट आणि एक लिंबू सुरू झालं. फूट जवळजवळ थांबली. मला वाटलं, आपण म्हणजे कोण!

पिराजी रजेवरून आला. पेट्या निघायच्या तयारीत होत्या. त्यानं लिंबू उचलून वास घेतला आणि विचारलं, "ह्ये काय?"

मी मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. त्यानं लिंबू खाली ठेवलं. मग सरळ अण्णासोंच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

"भ्या दाखवूनच अंडी पोचवायची असली, तर पेटी कशाला पायजे अण्णासो? पाटीत घाला आनि वर लिंबू ठेवा."

"फुटत न्हाईत न्हवं? मग तुला काय दुखतंय?"

"ज्ये मी घरातनं भायेर काढलं, त्ये माझ्या पेटीवर नगो. मला येक पेटी करू द्या. बिनकुंकवाची."

अण्णासो तिरसट असले तरी कानाचे बंद नव्हते. त्यांनी अट घातली. गडहिंग्लजच्या लाइनवर आपला माल अजून कधी गेलेला नाही, तिथल्या कुणाला ही कुंकवाची भानगड माहीत नाही. त्या लाइनवर तीन खेपा, दर खेपेला एक पेटी, नऊशे अंडी. शंभराला पाच, म्हणजे पंचेचाळिसांपर्यंत फुटली तर बिनकुंकवाची पेटी चालू. एक जरी जास्त फुटलं तर पेटी चुलीत आणि कुंकू कायमचं.

पिराजीनं नवी पेटी केली. वरचं झाकण घराच्या छपरासारखं उतरतं, म्हणजे बसायची सोयच नाही. तळाला लाकडाच्या दोन पट्ट्या अशा ठोकल्या की पेटी डोक्यावर घेतली तर रुतावी. दोन्ही अंगांना लांब वेळू बांधले. रुंदी एवढी की एका माणसाचे हात दोन्ही वेळूंना पुरायचे नाहीत. मी म्हणालो, एवढी अवघड कशाला? तो म्हणाला, "बारा वर्सं हमाली केलीया. येकट्याला उचलतंय त्ये मानूस फेकतंय. दोघांला उचलाय लागतंय त्ये ठेवत्यात. दोघांचा हात येकदम सुटत न्हाई."

आता माझी गोष्ट. पेट्या स्टँडवर पोचवायचं काम माझं होतं. पहिल्या खेपेला मी पेटीजवळ उभा होतो आणि मला राहवेना. या माणसाचा सगळा जीव त्या पेटीत अडकलाय, आणि सेहेचाळिसावं अंडं कुठल्या खड्ड्यात फुटेल याचा नेम नाही. समोरच्या दुकानातून मी कुंकवाची पुडी घेतली आणि झाकणाच्या कडेला दोन बोटं ओढली. कृष्णातला सांगून ठेवलं, गडहिंग्लजला उतरवणाऱ्यांच्या कानावर घाल. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. मी माणसावर उपकार करतोय अशीच माझी समजूत होती.

पाच, दोन, चार. नऊशेत अकरा फुटकी. अण्णासोंनी पेढे मागवले आणि पन्नास पेट्यांचा हुकूम दिला. पिराजी त्या दिवशी मोकळेपणानं हसला. त्याला तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रिकामी पेटी आणायला स्टँडवर गेला. तिथं कृष्णात त्याला म्हणाला, "अवो पिराजी, कुंकू लावून वर दोघादोघांनी उचलायचं! आमी काय मयत न्हेतोय व्हय?"

पिराजी तिथून तडक माझ्या टेबलापाशी आला. मी रजिस्टर भरत होतो.

"कुंकू कुनी लावलं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं, पण जमलं नाही. "मी. तुमच्या भल्यासाठीच, पिराजी."

तो समोरच्या बाकावर बसला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "माझ्या पेटीवर तुमचा इस्वास न्हवता, येवढंच की."

मला फार लाज वाटली. आजही वाटते. तो म्हणाला ते खरं होतं.

तो उठून अण्णासोंकडं गेला आणि म्हणाला, ही परीक्षा खोटी झाली, पेढे परत घ्या. अण्णासोंनी आधी मला झाडलं, मग त्याला. "अरं, झालंय न्हवं चांगलं? कशाला उगं नसती उठाठेव?"

"माझी पेटी टिकली का तुमचं कुंकू, मला कसं कळायचं?"

"बरं. आजऱ्याच्या लाइनवर परत तीन खेपा, तिकडं कुंकू अजून गेलेलं न्हाई. पर ध्येनात ठेव, पंचेचाळीसच्या वर एक गेलं की तुझी पेटी बंद. मग माझ्याकडं यायचं न्हाई."

"न्हाई येत." मग तो माझ्याकडं वळला. "पेट्या स्टँडावर तुमीच न्या, क्लार्कसाहेब."

दुसरा कुणी मिळाला नसता असं नाही. त्यानं मलाच सांगितलं.

पहिल्या पेटीशी मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिलो. कृष्णातनं पेटीभोवती एक फेरी मारली. "आज कुंकू न्हाय?"

"नाही. आणि मागं होतं तेही मीच लावलेलं. कसला उतारा नाही न् काही नाही. आत निव्वळ अंडी आहेत."

"आरं तिच्या! म्हंजे उगंच भ्यायलो व्हय इतके दिस?" त्याला राग आला होता, आणि तो रास्त होता. त्यानं रागारागानं वाकून एक वेळू धरला आणि दुसऱ्यासाठी हात लांबवला. हात पुरेना. पेटी फिरवून पाहिली, तरी पुरेना. मग ती कशीबशी उचलून डोक्यावर घेतली आणि पट्ट्या रुतल्या तशी शिव्या देत खाली ठेवली. खाली ठेवली, टाकली नाही, कारण टाकायची तर स्वतःच्याच पायावर पडली असती. कंबरेवर हात ठेवून तो थोडा वेळ पेटीकडं बघत राहिला. मग टपावरच्या माणसाला हाक मारली, "खाली ये रं. ह्येला दोघं लागत्यात."

दोघांनी पेटी उचलली, शिडीवरून चढवली आणि टपावर ठेवली. मी वर मान करून पाहत होतो. आवाजसुद्धा झाला नाही.

आजऱ्याच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आल्या. चार, सात, तीन. तिसरी चिठ्ठी घेऊन मी गोदामात गेलो. पिराजी चकत्या कापत बसला होता. मी म्हणालो, "चौदा."

त्यानं हातातली चकती कापून पुरी केली. पातं खाली ठेवलं. डोळे पुसले, आणि पुठ्ठ्याची धूळ गेली म्हणाला. मग म्हणाला, "चला."

ऑफिसात येऊन त्यानं मला रजिस्टर उघडायला लावलं. गडहिंग्लजच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही अकरा खोडा. खाली चौदा लिवा."

"राहू देत की दोन्ही. अकरा बरी दिसतात."

"खोडा."

मी रेघ मारली. रेघेखालून आकडा दिसत होता, म्हणून त्यानं मला आणखी एक मारायला लावली.