पडलेलं पेन

स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या खोलीत एक सतरंजी, एक उंच आरसा आणि एक लाकडी बाक, एवढाच तिचा संसार. खेळाडू तिला पाठीमागे ‘कंबरवाल्या बाई’ म्हणत आणि तोंडावर ‘ताई’. तिला दोन्ही चालायचं. दुखऱ्या कमरेला कुठला व्यायाम द्यायचा, हे ती हालचाली पाहून ठरवायची. पुढे वाक, मागे झुक, एका पायावर उभा राहा, बस, ऊठ. ज्या हालचालीला कंबर कुरकुरते, ती आधी बंद करायची आणि मग बाकीचं बघायचं. ‘दुखतंय का’ हे मात्र ती विचारायची नाही. स्पर्धा तोंडावर आली की कुणाचंच काही दुखत नसतं.

म्हणून शेवटी ती पेन पाडायची. "झालं," म्हणायचं आणि लिहिता लिहिता पेन हातातून सुटल्यासारखं करायचं. सुटलो बुवा, असं वाटून खेळाडू ते उचलायला वाकला की कंबर खरं बोलायची. कुणी मांडीवर हात टेकायचा, कुणी श्वास धरायचा. ही युक्ती तिला धाकट्या भावामुळे सुचली. तोही एके काळी भाला फेकायचा आणि "मस्त आहे गं" म्हणत तिला वर्षभर बनवत होता. शेवटी बुटाची नाडी बांधताना पकडला गेला. तिने त्याला पुन्हा ताठ चालायला लावलं, पण भाला सुटला तो सुटलाच. पुढे तो प्रशिक्षक झाला. पेनाची गंमत तिने जगात त्याला एकट्याला सांगितली होती.

त्याची शिष्या, भालेवाली, सहा आठवड्यांपूर्वी आली होती. कंबर जरा आखडते, एवढंच म्हणाली. सगळ्या हालचाली स्वच्छ, पेनही झकास उचललं. मग ताईने पाठ कणखर करायचे व्यायाम दिले: पालथं झोपून छाती उचलायची, मागे कमान करायची, रोज तीन वेळा.

आज ती फेरतपासणीला आली; सोबत आलेला भाऊ दारातच थांबला. शनिवारी निवडचाचणी होती आणि तंदुरुस्तीच्या फॉर्मवर ताईची सही हवी होती. पोरगी बाकावर बूट काढत असताना कागदांखालून पेन घरंगळलं, खरोखरच घरंगळलं. पोरीने एक गुडघा जमिनीला टेकला, मांडीवर हात रोवला आणि ओठ चावत उठली. तपासणी झाली. पोरगी पहिल्यासारखीच सफाईने वाकली, झुकली. मग ताईने "झालं" म्हणून पेन पाडलं. पोरीने पाठ सरळ ठेवून, कुल्ल्यातून वाकून, चित्रात दाखवावं तसं ते उचलून दिलं.

"कोणी शिकवलं?"

पोरीचा चेहरा उतरला. "सर म्हणाले, शेवटी पेन पडेल. पहिल्यांदा इथे यायच्या आधीच सगळं आरशासमोर घोटून घेतलं माझ्याकडून."

"आणि मी दिलेले व्यायाम?"

"रोज करते, ताई. कमान केली की डाव्या पायाला मुंग्या येतात. सर म्हणाले, तेवढं चालायचंच."

ज्या हालचालीने ही कंबर मोडत होती, तीच ताईने रोज तीन वेळा करायला लावली होती, आणि पोरीने ती इमानदारीने केली होती.

दारात उभा असलेला भाऊ आत आला. "ताई, शनिवारपुरती सही दे. मग हवी तितकी विश्रांती घेऊ दे तिला."

"तू माझ्याच हाताने तिची कंबर मोडलीस."

"माझी वेळ गेली. हिची तरी जाऊ नये म्हणून केलं."

"बाहेरच्याने फसवलं असतं तर चिडले असते. तू केसाने गळा कापलास रे." तिने फॉर्मवर ‘अपात्र’ लिहिलं, खाली ‘मागे झुकणं पूर्ण बंद, आजच डॉक्टरांना दाखवणे’ असं लिहून सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने हात पुढे केलाच नाही. कागद बाकावरून खाली पडला. मग तोच वाकला, पाठ सरळ ठेवून, कुल्ल्यातून, तिनेच शिकवलं होतं तसा, आणि कागद उचलून पोरीला घेऊन निघाला.

किती वर्षं ती त्याला असं वाकताना बघून सुखावत आली होती. आज त्याची कंबर दुखते की नाही, हे तिला कळेना.