कोरी काठी आणि ओव्हाळ आबांचा जबडा

भाजे गावचे भिकाजी ओव्हाळ, म्हणजे आम्हां सगळ्यांचे आबा, यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. लोणावळ्याच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने पस्तिशीत मासेमारीचा नाद लावून घेतला, की जे व्हायचे ते झाले. दुकानातून भारी काठी आणली, गळाला बोटभर जिवंत मासा लावला आणि झोकात फेकला. मासा धरणाच्या मध्यावर जाऊन पडला, गळ माझ्या पायाशी. हे तीनदा झाल्यावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी शांतपणे भाज्याचा रस्ता दाखवला.

आबांनी माझी काठी हातात घेतली, एकदा वाकवली आणि परत दिली.

"मास्तर, काठी लय चांगलीय. पंधरा आगष्टला झेंडा लावा हिला."

तेव्हापासून सोळा वर्षे मी त्यांचा शिष्य आहे. शिष्याने गुरूला शोभा आणावी असा संकेत आहे. तो मी आजवर पाळू शकलेलो नाही.

आबा काठ्या बांधतात त्या फक्त जिवंत आमिष लावणाऱ्यांसाठी. मूठ नाही, दोरा ओवायच्या कड्या नाहीत, अशी नुसती फायबरची किंवा कार्बनची नळी कारखान्यातून येते. तिला सगळे ब्लँक म्हणतात, आबा कोरी काठी म्हणतात. त्यांच्या मते बांधणे हे हमाली काम, खरे काम निवडण्याचे. शेंडा कडक असला तर फेकताना आमिष फाटते. सगळीच काठी मऊ असली तर मरळीसारखा दांडगा मासा लागल्यावर ती त्याला उचलत नाही. "शेंडा गवताचा पायजे आन् बूड बैलाचं," असे ते सांगतात. एवढे पुस्तकातही मिळेल. पुढचे मिळणार नाही. गळावरच्या लहानग्या माशाला मोठा मासा दिसतो, तेव्हा तो ओढत नाही, थरथरतो. ती थरथर दोऱ्यातून, काठीतून मुठीपर्यंत पोहोचली पाहिजे. "त्याचं भ्या आपल्या हातात आलं पायजे, मास्तर. न्हाई आलं तर ती काठी मुकी." संस्कृतात कंपाला डझनभर शब्द आहेत. ते मी सांगितले. आबांनी ऐकून घेतले.

पहिल्यांदा मी त्यांना निवड करताना पाहिले तो प्रसंग अजून अंगावर काटा आणतो. खोलीची खिडकी बंद, कोपऱ्यात पंधरा-वीस कोऱ्या काठ्या भिंतीला टेकून उभ्या. आबांनी एकीचे बूड फरशीवर ठेवले, शेंडा तळहाताखाली धरला आणि मध्यावर दुसऱ्या हाताने हलकेच दाबले. काठी वाकली, आणि मग झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी आपली आपण वळली. आबांनी ती उलटी फिरवून धरली. ती पुन्हा वळून त्याच अंगावर आली.

"ही हिची पाठ," आबा हळूच म्हणाले, जणू कोणी जागे होईल. "पाठ न बघता कड्या लावल्या, तर मासा लागल्यावर ही हातात पिळवटती."

हा कान त्यांना रेल्वेने दिला. आबा घाटात चावीवाले होते; हातोडा घेऊन रुळावरून चालायचे, ठोकून ऐकायचे. धुक्यात पुढचा माणूस दिसत नसताना रुळाला हात लावून गाडी कुठवर आली ते सांगायचे, असे त्यांचे जुने सहकारी सांगतात. मी आबांना खरे काय ते विचारले. ते म्हणाले, "गाडीचं सोपं असतं. कधीकधी गाडी नसताना रूळ बोलायचा." पुढे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

त्यांच्या चांगुलपणाची उदाहरणे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी दिली असतीलच. मी एकच देतो. आंबीच्या एका तरुण शेतकऱ्याचे मनगट मोटारसायकलवरून पडून कायमचे दुखावले होते. आबांनी त्याच्यासाठी सात काठ्या नाकारल्या, आठवी घेतली आणि मूठ कोपरापर्यंत लांब केली, म्हणजे भार मनगटावर न येता हातावर यावा. तो आभार मानू लागला तेव्हा आबा म्हणाले, "माझे कसले? काठीनं हो म्हटलं."

गेल्या वर्षी मात्र साखरेने आबांच्या बोटांची संवेदना नेली. उजव्या हाताची पूर्ण, डाव्याची निम्मी. ती परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आबांनी सगळ्या कोऱ्या काठ्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकल्या. श्रावणात मावशींचा, म्हणजे आबांच्या पत्नींचा, मला फोन आला.

"मास्तर, येवून जावा. हे बोलत न्हाईत. नुसतं भितीला टेकून बसत्यात, त्या काठ्यांवानी."

मी गेलो तेव्हा दुपार होती, पण डोंगरावरून धुके पार अंगणात उतरले होते. पडवीसमोर दगडी डोण आहे, पूर्वी तिच्यात म्हशींना पाणी पाजत. कोऱ्या काठीची परीक्षा तिथेच होते: काठीच्या शेंड्याला दोरा, दोऱ्याच्या सैल फासात चिलापी माशाचे पिल्लू, आणि आबांची मूठ. परीक्षा झाली की ते पिल्लू विहिरीत सोडायचे, हा त्यांचा नेम. त्याची धडपड आपण वापरली, आता त्याला जेवणात वापरायचे नाही. त्या विहिरीत आज निवृत्त माशांची वसाहतच आहे.

मावशींनी माळ्यावरून एक काठी काढली, शेंड्याला दोरा बांधून फासातले पिल्लू डोणीत सोडले आणि बूड आबांसमोर धरले.

"बोटं मेली गं," आबा म्हणाले.

"बोटं मेली. तुमी न्हाई. धरा."

आबांनी काठी घेतली. मूठ वळली, पण चेहऱ्यावर काहीच आले नाही. मग त्यांनी काठीचे बूड उचलून आपल्या जबड्याच्या हाडाला लावले आणि डोळे मिटले. धुक्यात तो म्हातारा माणूस, जबड्याला चिकटलेली लांब काळी काठी, आणि शेवाळलेल्या पाण्यात गेलेला दोरा.

"बोलतीय," आबा पुटपुटले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण हे ओढत न्हाई. हे भितंय. डोणीत कोणय?"

"कोण असणार?" मावशी म्हणाल्या. "सकाळी मीच भरलीय."

"कायतरी हाये. बघतंय त्याच्याकडं."

मी वाकलो. पाणी काळे, वर दोन पाने. मावशींनी बॅटरी आणि एक सोटा आणून त्याने तळाचा दगड सरकवला. दगडाखाली वेटोळे घालून दिवड बसली होती, मनगटाएवढी जाड. डोके माशाकडे. हा पाणसाप विषारी नसतो हे मला माहीत आहे. माझ्या पायांना माहीत नव्हते. मावशींनी तिला सोट्यावर उचलून बांधावर नेऊन सोडले.

हातांनी गमावलेले हाडांनी परत आणले होते. मी अभिनंदन करणार, तोच आबांनी हात वर केला. बूड अजून जबड्यालाच होते.

"अजून भितंय."

आम्ही दोघांनी पुन्हा डोणीवर वाकून पाहिले. बॅटरीच्या उजेडात तळ स्वच्छ दिसत होता. काही नव्हते.

"न्हाई वो काय," मावशी म्हणाल्या. "आता कुणाला भितंय?"

आबांनी डोळे उघडले. "आपल्याला."

आम्ही दोन पावले मागे सरलो. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी काठी उतरवली आणि मावशींना म्हणाले, "आता निवलं. ही चांगलीय. बाकीच्या पण काढ माळ्यावरनं."

त्या काठीला कड्या बसल्या. त्यानंतर आबांनी जबड्याने निवडलेल्या काठ्या मावळात आज कितीतरी हातांत आहेत, आणि निवडीच्या वेळी खोलीत अजून कोणी मोठ्याने श्वास घेत नाही. आबा, पंच्याहत्तरीचा हा टप्पा तुम्ही नेहमीसारखा शांतपणे ओलांडा. शंभरीपर्यंत तुमची हाडे अशीच ऐकत राहोत, शरीर सुखात राहो, मावशींची साथ राहो. आम्ही सारे हे मनापासून मागतो, दोन पावले मागे उभे राहून.