क्रोटनवरची कीड आणि मामंजींची तंबाखू

पनवेल, १९६२

महिला मंडळातल्या मैत्रिणींनो, आजचीच गोष्ट फलकावर लिहिते आहे.

आमच्या खिडकीतल्या क्रोटनवर कापसासारखी पांढरी कीड पडली. सासूबाईंनी जाण्यापूर्वी लावलेली ही शेवटची कुंडी. तरी मी ती सकाळी बाहेर टाकायला निघाले.

"थांब," अंथरुणाला खिळलेले मामंजी म्हणाले. उशाखालची तंबाखूची पुडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही उकळ आणि त्या पाण्याने पानं पूस."

डॉक्टरांनी कितीदा सांगूनही ती पुडी त्यांनी सोडली नव्हती.

मी पानं पुसली. बरीच कीड निघाली. मामंजी दिवसभर कुंडीकडे बघत होते, मधूनच खोकत होते. संध्याकाळी हळूच म्हणाले, "पुडीत थोडी उरली असेल ना गं?"

उरली आहे. तुम्ही दिली असतीत का? खाली लिहा.